आक्षेपार्ह काही आढळले नाही

"चपला तिथंच काढ, रत्नमाला. आणि फरशीवरून ये, गवतावर पाय देऊ नकोस."

मथुरेबाईंनी व्हरांड्यातूनच सांगितलं. मी चपला काढल्या आणि लॉनमध्ये बसवलेल्या चौकोनी फरशांवरून एकेक पाऊल टाकत गेले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. वेणेघरच्या पठारावरचा पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते, कड्यावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं. बाईंचं लॉन मात्र ओल्या रंगासारखं हिरवं होतं. त्यात एकही रानफूल नव्हतं, एक मुंगी फिरताना दिसत नव्हती. लॉन उतरत जाऊन खाली ओहोळाशी संपायचं आणि तो ओहोळ दोनशे पावलांवर तळ्याला मिळायचा.

माझ्या हातात नगरपरिषदेची तपासणी-वही होती. मी सव्वीस वर्षांची होते. पाणीपुरवठा खात्यात निरीक्षक म्हणून लागून चार महिने झाले होते. सगळं गाव त्या एका तळ्याचं पाणी प्यायचं. त्या उन्हाळ्यात नगरपरिषदेनं नियम केला होता, की तळ्याकडे उतरणाऱ्या सगळ्या जमिनीवर, म्हणजे पाणलोट क्षेत्रात, बागांना रासायनिक खत, तणनाशक, कीटकनाशक यातलं काही घालायचं नाही. पश्चिमेच्या उतारावर बेचाळीस बंगले होते. प्रत्येकाला आठ दिवस आधी कळवून जायचं, बाग आणि मागची खोली बघायची, वहीत शेरा लिहायचा, हे माझं काम. तोवर सोळा बंगले झाले होते आणि सोळांच्याही पुढं एकच शेरा होता : आक्षेपार्ह काही आढळले नाही.

सतरावा बंगला बाईंचा.

मथुरेबाई गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. मी नववीत असताना माझे वडील गेले, तेव्हापासून रोज संध्याकाळी बाईंनी मला घरी बसवून शिकवलं. कॉलेजचा फॉर्म त्यांनीच आणला, साताऱ्याला प्रवेश घ्यायला त्याच बरोबर आल्या. आता त्या नगरपरिषदेच्या पाणी समितीवर होत्या. त्या नियमाचा मसुदाही त्यांनीच लिहिलेला होता.

"मागची खोली बघायची असेल ना?" त्या म्हणाल्या. "लहू, दार उघड."

लहू त्यांचा जुना माळी. त्यानं दार उघडलं, पण बघितलं बाईंकडे. आत कुदळ, झारी, पाइपची वेटोळी होती आणि भिंतीशी डीएपी या फॉस्फेट-खताची दोन पोती. एक रिकामं, एक अर्धं. शेजारी कीटकनाशकाचा पाच लिटरचा डबा.

"लपवलं नाही मी," बाई म्हणाल्या. "तुझ्यापासून काय लपवायचं?"

"बाई, पण हे..."

"मुळं खाणारी हुमणीची अळी लागली होती गं. अर्धं लॉन सतरंजीसारखं गुंडाळून निघत होतं. सव्वीस नोव्हेंबरला गार्गीचं लग्न आहे, इथंच, या गवतावर. नातीनं लहानपणापासून तेवढं एकच मागितलंय माझ्याकडे."

"पण नियम..."

"नियम मी लिहिलाय. त्यातला शब्दन्शब्द मला पाठ आहे." त्यांचा आवाज वर्गातला झाला. "तळ्यात पाणी किती? आणि हे किती? काढ प्रमाण. तूच काढ."

आणि मी खरंच मनातल्या मनात गणित करायला लागले. दोन पोती, एवढं मोठं तळं. उत्तर नगण्य आलं.

"लग्न झालं की सगळं बंद," बाई म्हणाल्या. "शब्द देते."

व्हरांड्यातल्या टेबलावर वही ठेवून मी सतरा आकड्यापुढे तोच शेरा लिहिला. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

फाटकापर्यंत लहू सोडायला आला. फाटक लावताना हळूच म्हणाला, "ताई, कालच परत टाकलंय सगळ्या लॉनला. पाऊस नाही आला म्हणजे मिळवली."

"आता कुठला पाऊस?" मी म्हणाले.

खाली ओहोळाच्या तोंडाशी धोंडाबाई ढेबे म्हशी घेऊन उभी होती. तळ्याच्या पलीकडच्या काठाला धनगर गवळ्यांची अकरा घरं होती. बाजारात दूध त्यांचंच यायचं. धोंडाबाई साठीची असेल. तिनं मला ओळखलं.

"बाई, तू नगरपालिकेची न्हवं? ह्या ओहळाचं पाणी जनावर तोंडाला लावंना. चार दिस झालं बघतीया. हुंगतंय आन् मागं सरतंय."

"बघते," मी म्हणाले, आणि तिच्याकडे न बघताच पुढं गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं आणि लागोपाठ दोन दिवस वळवासारखा पाऊस कोसळला. मी कचेरीच्या खिडकीतून बघत होते. उतारावरचे सगळे ओहोळ तांबडे होऊन तळ्याकडे धावत होते. त्यानंतर ऊन पडलं. वारा अगदी पडला. नऊ दिवस तळ्यावर लाटेची रेघसुद्धा उमटली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी जलशुद्धीकरण केंद्रातून भिकाजी शेलारचा फोन आला. पंप आणि झडपा तो बघायचा. बावीस वर्षं तिथं होता.

"मॅडम, पाण्याला वास मारतोय. बंद तळघराचा असतो तसा. आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात काय झालंय ते या तुम्ही आधी बघायला."

ओहोळाच्या तोंडापासून शंभर फुटांपर्यंत पाण्यावर कुणीतरी ऑइलपेंटचा डबा ओतल्यासारखं दिसत होतं. पोपटी रंगावर मधेच निळसर झाक होती. भिकाजीनं काठीनं ढवळलं. रंग फाटला आणि परत जुळला. हे नुसतं शेवाळ नव्हतं. नील-हरित शेवाळ. त्याच्यात विष तयार होतं, आणि ते पाणी उकळलं तरी जात नाही. मी हे शिकले होते, बाईंच्याच पुस्तकातून.

आम्ही तिथं असतानाच पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही काठाकाठानं धावत पलीकडे गेलो. चार म्हशी काठावर पडल्या होत्या. तीन गेल्या होत्या. चौथी पाय झाडत होती, तोंडातून फेस येत होता आणि तिच्या नाकपुड्यांना तो पोपटी रंग लागला होता. धोंडाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"चंद्रे, ऊठ गं. ऊठ की. सकाळी दूध दिलंस न्हवं का तू?"

भिकाजी हातातली काठी टाकून खाली बसला. मी उभीच होते. म्हैस शांत झाल्यावर धोंडाबाईनं वर बघितलं.

"सांगितलं हुतं मी तुला," ती म्हणाली. एवढंच.

त्या दिवशी भिकाजीनं पश्चिमेची झडप बंद करून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्यातच बांधलेल्या उपसा-विहिरीतून पाणी घेतलं. गावात कुणाला काही झालं नाही. मी ओहोळाच्या पाण्याचा नमुना घेतला, बाईंच्या लॉनच्या अगदी खालून. फॉस्फेटच्या चाचणीत पाणी निळं होतं. जितकं जास्त, तितका रंग गडद. आमच्या ओहोळांचं पाणी एरवी जवळजवळ रंगहीन राहायचं. त्या दिवशी नळी शाईसारखी झाली. मी आकडा कागदावर लिहिला, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवला.

सभा आठ दिवसांनी नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. समोर नगराध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे समिती, समितीत मथुरेबाई. मागच्या भिंतीशी गवळी उभे होते. खुर्च्या होत्या, पण ते बसले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हशी शेवाळाच्या विषानं मेल्या. मग प्रश्न आला, शेवाळ कशानं वाढलं?

"पाण्यात खत गेलं की वाढतं," डॉक्टर म्हणाले.

"शेणही खतच की," समितीतलं कुणीतरी म्हणालं. "रोज साठ-सत्तर म्हशी तळ्यात डुंबतात."

सभागृहात कुजबूज झाली आणि तिचा सूर एका दिशेला वळला. धोंडाबाई पुढं आली.

"माझ्याच म्हशी मेल्या, आन् माझ्याच म्हशींनी पाणी नासवलं व्हय? आमच्या किती पिढ्या गेल्या हितं. कवा हिरवं झालं न्हाई पाणी. त्या बंगल्यास्नी इचारा की काय टाकत्यात ते."

"बंगले तपासलेत, मावशी," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांच्यापुढं माझी वही होती. त्यांनी पान उलटलं. "बेचाळीसच्या बेचाळीस. आक्षेपार्ह काही आढळले नाही. लेखी आहे. कासुर्डे, हे अक्षर तुमचंच ना?"

मी उठून उभी राहिले. पर्स माझ्या हातात होती. मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, तोंडी परीक्षेत उत्तराची वाट बघावी तशा.

"हो," मी म्हणाले. "माझंच."

"मग झालं तर."

मी खाली बसले. एका मिनिटात ठराव झाला : संरक्षित पाणलोट क्षेत्रात जनावरांना बंदी, तळ्याला तारेचं कुंपण.

जिन्यात बाईंनी मला गाठलं. "मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "शेणाचंही असतंच, थोडंफार." पुढं काही बोलायचं होतं त्यांना, पण जिन्यावरून गवळी उतरायला लागले आणि आम्ही दोघी भिंतीला लागून उभ्या राहिलो. कुणी आमच्याकडे बघितलं नाही.

गार्गीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. मी गेले होते. लॉनवर दोनशे खुर्च्या होत्या. सगळे गवताचं कौतुक करत होते.

जानेवारीपर्यंत गवळ्यांची अकराही घरं कड्यापलीकडे गेली. म्हशींना पाणी नाही तिथं राहून काय करणार? तळ्याभोवती कुंपण आलं, मोठा निळा फलक आला. कुंपणाच्या आत कुणी पाऊल टाकत नव्हतं. बाहेरून तळं फार सुंदर दिसायचं.

मार्चमध्ये, होळीच्या आठवड्यात, पाणी उतरलं होतं आणि ऊन तापलं होतं. बंगल्यांमध्ये उन्हाळ्याची माणसं यायची म्हणून लॉनवर कारंजी सुरू झाली होती. शनिवारी वारा सुटला. नंतर कळलं ते असं, की वाऱ्यानं कुठल्याशा कोपऱ्यातलं शेवाळ वाहत आणून त्या उपसा-विहिरीच्या तोंडाशी लोटलं. रविवारी भिकाजीला वास आला. वास आला की क्लोरीन वाढवायचं, ही तिथली जुनी रीत. त्यानं दुप्पट टाकलं. वास गेला. क्लोरीननं शेवाळ फुटलं आणि त्याच्या पोटातलं विष पाण्यात उतरलं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला माहीत होतं. रविवारी मला सुट्टी होती.

सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात माणसं चटयांवर झोपलेली होती. उलट्या, पोटात कळा, ताप. माणसं येतच होती. मी रुग्णालयातूनच केंद्राला फोन लावला.

"भिकाजी, मुख्य झडप बंद करा."

"कुणाचा हुकूम, मॅडम?"

"माझा. आत्ता बंद करा."

मग तो म्हणाला, "मॅडम, आईलाही सकाळपासून उलट्या होताहेत." त्याचं घर केंद्राच्या आवारातच होतं. नळाला पहिलं पाणी त्यांच्याकडे यायचं.

एकशे सदतीस जण आजारी पडले. बुधवारी भिकाजीची आई गेली.

मथुरेबाई बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी शेजारच्या स्टुलावर बसले.

"किती होतं?" त्यांनी अचानक विचारलं.

"काय, बाई?"

"फॉस्फेट. ऑक्टोबरात तू नमुना घेतला असणार. मी शिकवलेली मुलगी नमुना घेतल्याशिवाय राहायची नाही."

मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले.

"सभेत तो कागद तुझ्याजवळ होता?"

"पर्समध्ये."

"मग काढला का नाहीस?"

तुमच्यासाठी, असं अगदी ओठावर आलं होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. वहीवर सही माझी होती आणि नोकरी जाईल ही भीतीही माझीच होती.

"मी तुमच्याकडे बघितलं," मी म्हणाले.

"मीही तुझ्याकडेच बघत होते. वाटत होतं, ही आता बोलेल. बोलली की मी उठून कबूल करीन." त्यांनी पिवळे डोळे उघडले. "म्हणजे, असं मी आता म्हणतेय."

शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. नर्स येऊन सलाइन बदलून गेली.

"कागद आण," बाई म्हणाल्या. "आणि पेन. दोघींना पुरेल एवढा आण."

उजव्या हाताला सुई होती म्हणून त्यांनी डाव्या हातानं लिहिलं. बंगला क्रमांक सतरा, दोन पोती, एक डबा, तारीख, नोंद करू नये असं निरीक्षकाला मीच सुचवलं. फळ्यावर मोत्यासारखं लिहिणाऱ्या बाईंची अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडी आली होती. मी माझा जबाब लिहिला. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'वहीतील माझी नोंद खोटी आहे.'

कचेरीत देण्याआधी मी भिकाजीकडे गेले. त्यानं डोक्याचे केस काढले होते. झडपेच्या चाकाला तेल घालत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, तेल घालत राहिला.

"क्लोरीन मी टाकलं, मॅडम," तो म्हणाला. "दुप्पट. माझ्या हातानं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुम्हाला होतं."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. चौकशीच्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो होतो, तरीही नाही.

माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती. चौकशी करणाऱ्यांनी न कळवता बंगले तपासले तेव्हा बेचाळीसपैकी एकोणतीस ठिकाणी पोती निघाली. मी जायच्या आधीच्या आठ दिवसांत ती सगळी इकडची तिकडे हलवली जात होती. लहू मला म्हणाला, "एकट्या बाईंनी तेवढं लपवलं नाही, ताई." एकोणतीस लॉन त्या उन्हाळ्यात उकरून काढली, बाईंनी आपलं स्वतः उभं राहून काढून घेतलं. तिथं नंतर त्यांनी काही लावलं नाही. पुढच्या दिवाळीआधी त्या गेल्या. यकृत सुधारलंच नव्हतं.

त्याआधी, मे महिन्यात, जनावरांच्या बंदीचा ठराव रद्द झाला. त्याची एक प्रत घेऊन मी कड्यापलीकडे गेले. दोन तास चालावं लागलं. खडकाळ माळावर नवी खोपटी होती, कारवीच्या भिंती अजून लिंपायच्या राहिल्या होत्या. धोंडाबाई दारात शेणी थापत होती. म्हशी चारच उरल्या होत्या. बाकीच्या विकल्या, चारापाणी पुरेना म्हणून.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खोली, पोती, वही, पर्समधला कागद. तिनं हात थांबवले नाहीत.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "त्या दिशी ओहळावर तू माझ्याकडं बगितलंच न्हाईस."

मी ठरावाची प्रत पुढं केली. "आता तुम्ही परत येऊ शकता. तळ्यावर."

तिनं हात धुतले, कागद घेतला, उलटसुलट करून बघितला आणि मला परत दिला.

"ठेव तुझ्यापाशी. आमी न्हाई येत."

मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवला. ऊन फार होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी तांब्या घेतला. मार्चपासून मला एक खोड लागली होती. कुठलंही पाणी तोंडाशी नेलं की हात थांबायचा, मी आत डोकावून रंग बघायचे, वास घ्यायचे. तेव्हाही हात थांबला.

धोंडाबाईनं ते बघितलं.

"पी," ती म्हणाली. "सकाळी म्हशी प्याल्यात."